कारणाचा रकाना

पत्र आलं तेव्हा सूनबाईच्या तोंडात चार टाचण्या होत्या, नाहीतर त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या कानावर काय काय पडलं असतं, देव जाणे. तिने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या, गिऱ्हाइकाला म्हणाली, "पँट उद्या न्या, आज दुकान बंद," आणि दार लोटून मोबाइलवरचं ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

कपडे दुरुस्त करणं हा तिचा बावीस वर्षांचा धंदा. घराची पुढची खोली म्हणजे दुकान, खिडकीपाशी मशीन, भिंतीला खुंट्यांवर लोकांचे कोट आणि झगे. कुणाची चेन तुटलेली, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाची बाही आखूड. वाकडी शिवण तिला दहा हातांवरून दिसायची, आणि या पत्रात तर सरळ शिवणच नव्हती.

"आपल्या भरपाईच्या अर्जाचा आम्ही सहानुभूतीपूर्वक विचार केला," असं विमान कंपनीने लिहिलं होतं. "सदर उड्डाणास झालेला चार तास दहा मिनिटांचा विलंब हा, आपण स्वतः अर्जात नमूद केल्याप्रमाणे, साहाय्याची गरज असलेल्या प्रवाशामुळे झाला. हे कारण कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचे असल्याने भरपाई देय नाही. आपला पुढील प्रवास सुखाचा होवो."

साहाय्याची गरज असलेला प्रवासी त्या विमानात एकच होता. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या तिच्या सासूबाई.

आता या सासूबाई म्हणजे कोण, ते सांगायलाच हवं. एकतीस वर्षं त्या बस स्टँडवर कंट्रोलर होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कधी आली, कधी सुटली, किती मिनिटं उशीर, सगळं त्यांच्या रजिस्टरात. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, गुडघे गेले, पण घरात अजून त्यांना कंट्रोलरच म्हणत. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा त्या मोजत आणि चौथी उशिरा झाली तर सुनेला जाब विचारत. सासू-सुनेचं गेली चोवीस वर्षं रोज एकदा तरी वाजायचं. पण घरातलं भांडण घरातलं. बाहेरच्याने सासूबाईंना बोल लावावा, हे सूनबाईला खपणारं नव्हतं. तो मान तिने स्वतःकडेच राखून ठेवला होता.

अशा बाईमुळे विमानाला उशीर झाला म्हणे! सासूबाई, सूनबाई आणि तिचा नवरा, असे तिघं नणंदेकडे निघाले होते. विमान सकाळी नऊ चाळीसचं, तर कंट्रोलर सव्वासातला विमानतळावर हजर. आठला त्या फाटकापाशी येऊन बसल्या, सगळ्यांत आधी. त्या विमानाच्या दाराला फाटकापासूनचा पूल लागत नव्हता, खाली उतरून शिडी चढून जायचं होतं. खुर्चीसाठी एक वेगळी गाडी येते, ती खुर्चीसकट माणसाला विमानाच्या दारापर्यंत उचलते. ती गाडी आलीच नाही. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. नियमाप्रमाणे खुर्चीवाल्यांना आधी चढवायचं, म्हणून बाकीचे सगळे खोळंबले. आणि दर वीस मिनिटांनी भोंग्यातून आवाज यायचा, "एका प्रवाशाला साहाय्य देण्यात येत असल्याने विलंब होत आहे."

कसलं साहाय्य? साधं पाणी कुणी विचारलं नाही.

पहिल्या तासाला लोक भोंग्याकडे बघत होते. दुसऱ्या तासापासून ते खुर्चीकडे बघायला लागले. तिसऱ्या तासाला एक जण मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एवढं होत नाही तर घरी बसावं ना माणसाने!" सूनबाई उठलीच होती, पण नवऱ्याने तिचा दंड धरला. "जाऊ दे ना." तिचा नवरा गरीब स्वभावाचा. 'जाऊ दे' हे दोन शब्द त्याला जन्मतःच येत असावेत. सासूबाईंनी फक्त पर्समधून आपलं तिकीट काढलं, त्यावरची वेळ वाचली आणि ते परत ठेवून दिलं.

त्या दिवसापासून कंट्रोलर घरात बसल्या त्या बसल्याच. रोज संध्याकाळी बागेतल्या बाकापाशी त्यांच्या तीन मैत्रिणी जमायच्या, तिकडे जाणं बंद. दातांच्या डॉक्टरकडे जाणं बंद, का, तर "माझी खुर्ची लिफ्टमध्ये शिरली की चार माणसं बाहेर ताटकळतात." कुकरच्या शिट्ट्या मोजणंही बंद झालं, तेव्हा सूनबाई खरी घाबरली. आणि पुढच्या महिन्यात नातीचा, म्हणजे सूनबाईच्या लेकीचा, समारंभ होता. पोरगी तीन वर्षं लांबच्या शहरात नर्सिंग शिकली, आता शपथ घेऊन टोपी मिळणार होती, आणि आजीने पहिल्या रांगेत बसलंच पाहिजे असा तिचा हट्ट होता. जायचं तर विमानानेच. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, "तुम्ही दोघं जा. मी आले तर पुन्हा विमान अडेल."

म्हणून सूनबाईने भरपाईचा अर्ज केला होता. तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि चूक कंपनीची असली तर प्रत्येक प्रवाशाला पैसे मिळतात, असं तिने वाचलं होतं. पैसे आले की सासूबाईंच्या पुढ्यात ठेवायचे आणि म्हणायचं, बघा, त्यांनीच कबूल केलं, चूक त्यांची. डाव चांगला होता. पण अर्जात एक प्रश्न होता, 'आपल्यापैकी कोणास विशेष साहाय्य लागले काय?' भोळेपणाने तिने 'होय' वर खूण केली. खाली दोन ओळी जास्तीच्याही लिहिल्या, की बाबांनो, पंच्याहत्तरीची बाई चार तास खुर्चीत अवघडून बसली होती, जरा लाज बाळगा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिचीच खूण त्यांनी तिच्या सासूच्या गळ्यात अडकवली.

संध्याकाळी नवऱ्याला पत्र दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि सुस्कारा टाकला. "जाऊ दे ना—"

"पुढे एक अक्षर बोलाल तर बघा," सूनबाई म्हणाली. "आणि आईंना कळता कामा नये."

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. त्या दिवशी विमानतळावर चिडलेल्या प्रवाशांनी मोबाइलवर एक ग्रुप काढला होता. रात्री जेवणं झाल्यावर तिने तो उघडला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांना तेच पत्र आलं होतं. एकशे चौसष्ट माणसं, आणि प्रत्येकाला कळवलेलं, की साहाय्याची गरज असलेल्या प्रवाशामुळे उशीर झाला, सबब तुम्हाला काही मिळणार नाही. खाली लोकांची मुक्ताफळं. 'त्या म्हातारीमुळे आपले पैसे बुडाले.' 'अशांना वेगळं विमान ठेवा.' एकाने हसरा चेहरा टाकला होता.

सूनबाईने उभ्या उभ्या टाइप केलं, "ती म्हातारी माझी सासू. आठ वाजल्यापासून फाटकाशी होती. तुमच्यापैकी किती जण तिच्या आधी आले होते, हात वर करा."

अळीमिळी गुपचिळी. दहा मिनिटं कुणाची बोटं हलली नाहीत. मग एका गॅरेजवाल्याने लिहिलं, "ताई, मी काचेपाशी बसलो होतो. ती उचलणारी गाडी समोरच उभी होती, बॉनेट उघडं, दोन माणसं आत डोकं घालून. बॅटरी बसली होती. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, चुकलं माझं."

म्हणजे गाडी नादुरुस्त. कंपनीची गाडी, कंपनीची बॅटरी. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून सूनबाई कंपनीच्या शहरातल्या कचेरीत गेली. दुसरा मजला, तीन खिडक्या, त्यांतली एकच उघडी, बसायला जोडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर ढगांचं चित्र. नंबर लागायला दीड तास गेला. खिडकीमागचे साहेब मोठे गोड बोलणारे. उद्धट माणसाशी भांडता तरी येतं, हे गृहस्थ प्रत्येक वाक्याआधी "मी समजू शकतो" म्हणत.

"मी समजू शकतो, ताई. पण सिस्टिममध्ये कारण नोंदलं गेलंय."

"खोटं नोंदलंय. तुमची गाडी बंद पडली होती. बघणारा माणूस आहे."

"मी समजू शकतो. पण सिस्टिममध्ये—"

"सिस्टिमला बोटं आहेत का? कुणीतरी माणसानेच लिहिलं असेल ना?"

साहेबांनी आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला. "असं करू. तुमचा मामला आपण खास बाब म्हणून घेऊ. तुम्हा तिघांना पूर्ण भरपाई. इथे सही करा, तक्रार मिटली म्हणून. वर खुर्चीवाल्या आजींचा पुढचा प्रवास फुकट."

"आणि कारण बदलाल?"

"कारण राहू द्या हो. पैसे तर मिळतायत!"

"पैसे ठेवा तुमच्याकडे. ते वाक्य काढा."

आणि इथे त्या गोड माणसाचा तोल गेला. "अहो, ते वाक्य काढून गाडी नादुरुस्त लिहिलं तर एकशे चौसष्ट जणांना द्यावे लागतील!"

बोलून झाल्यावर त्यांनी जीभ चावली, पण बाण सुटला होता. कालपासून तिला वाटत होतं की कुणाचा तरी गलथानपणा असेल, घाईघाईत चुकीच्या जागी खूण झाली असेल. आपल्याकडून नाही का झाली? पण ही चूक नव्हतीच. कुणीतरी थंड डोक्याने बसून हिशेब केला होता, की एक म्हातारी पुढे केली की एकशे चौसष्ट माणसं परतवता येतात. वड्याचं तेल वांग्यावर काढणारे तिने पुष्कळ पाहिले होते, पण त्यासाठी चालता न येणारं माणूस निवडावं, याची तिला शिसारी आली. तिने सही केली नाही. जिने उतरताना ती रडली, आणि त्याचाही तिला रागच आला.

घरी आली तर सासूबाई मशीनपाशीच खुर्ची लावून बसल्या होत्या, मुलाचा मोबाइल हातात घेऊन. ग्रुप त्याच्या मोबाइलवरही होता, हे कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"ताकाला जाऊन भांडं का लपवतेस?" त्या म्हणाल्या. "सगळं वाचलंय मी. आता कचेरीत काय झालं ते सांग."

सूनबाईने सगळं सांगितलं, साहेबांच्या 'मी समजू शकतो'सकट. मग सासूबाई म्हणाल्या, "बरोबरच आहे. मला मिळायला हवं होतं ते मिळालं."

"म्हणजे काय, आई?"

"आमच्या रजिस्टरात शेवटचा रकाना कारणाचा होता. मला शिकवणाऱ्या कंट्रोलरने पहिल्याच दिवशी सांगितलेलं, की कारणात माणूस लिहायचा नाही. गाडी लिहायची, रस्ता लिहायचा, टायर लिहायचा. माणूस लिहिला की बाकी सगळे सुटतात आणि तो एकटा अडकतो. एकतीस वर्षं मी पाळलं ते. एकदा सोडून."

त्यांनी मोबाइल मशीनवर ठेवला. "एक ड्रायव्हर होता, चांगला माणूस, पण आदल्या महिन्यातच त्याला ताकीद मिळालेली. त्या दिवशी तो विश्रांतीगृहात झोपून राहिला. गाडी पंचवीस मिनिटं उशिरा. पुन्हा रिपोर्ट गेला तर नोकरी जाणार. गाडीत एक कुबड्या घेतलेले मास्तर चढले होते, चढायला त्यांना दोन मिनिटं जास्त लागली. मी लिहिलं, 'प्रवाशामुळे'. कुणाचं काय जातंय, असं वाटलं तेव्हा. पण बातमी फिरली. गाडीतल्या लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं असेल. दुसऱ्या दिवशी ते खिडकीशी आले. रागावले नाहीत, काही मागितलं नाही. फक्त म्हणाले, 'बाई, रजिस्टर बघू द्या.' मी म्हटलं, रजिस्टर दाखवायचा नियम नाही. ते उभे राहिले थोडा वेळ, आणि गेले. पुन्हा त्यांना आमच्या स्टँडवर कधी पाहिलं नाही मी."

चोवीस वर्षांत सासूबाईंनी स्वतःची चूक कबूल केल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं. एरवी तिने तारीख लिहून ठेवली असती. पण आत्ता तिला त्या बाईचा विलक्षण राग आला आणि तितकीच मायाही आली, आणि दोन्हींतला आधी रागच बाहेर पडला.

"मग काय, तुम्ही एकदा चुकलात म्हणून यांनी खोटं लिहिलेलं चालेल? मास्तरांना तेवढ्याने न्याय मिळाला का? तुम्ही घरात कोंडून घ्याल, पोरगी रिकाम्या खुर्चीकडे बघत शपथ घेईल आणि ते साहेब उद्या आणखी एका खुर्चीवाल्याच्या नावावर उशीर खपवतील. प्रायश्चित्त घ्यायचं तर ताठ बसून घ्या की! रजिस्टर दाखवा म्हणायला तुमच्याइतकं जाणकार आहे कोण या घरात?"

"आवाज किती चढवतेस गं," सासूबाई म्हणाल्या. आणि लगेच, "ती कचेरी किती वाजता उघडते?"

दहाला उघडायची. दुसऱ्या दिवशी कंट्रोलर साडेनऊला दारात. लिफ्टपाशी चार माणसं थांबली, थांबली तर थांबली. नवरा खुर्ची ढकलत होता आणि, विशेष म्हणजे, एकदाही 'जाऊ दे' म्हणाला नव्हता. पहिला नंबर त्यांचाच लागला. मागे बघता बघता पंधरावीस माणसांची रांग झाली.

"मी समजू शकतो, आजी," साहेबांनी सुरुवात केली.

"समजायचं नंतर बघू. आधी बघून सांगा," सासूबाई म्हणाल्या. चौदा वर्षांनी तो स्टँडच्या खिडकीतला आवाज त्यांच्या तोंडून निघत होता, आणि साहेबांचा हात आपोआप कीबोर्डवर गेला. "उड्डाण मंगळवारचं. सुटायची वेळ?"

"नऊ चाळीस."

"सुटलं कधी?"

"एक पन्नास."

"खुर्चीचा प्रवासी फाटकाशी आल्याची नोंद?"

साहेबांनी पडद्याकडे निरखून बघितलं. "आठ वाजून दोन मिनिटं."

रांगेत कुणीतरी 'अरे' म्हणालं.

"उचलणारी गाडी किती वाजता मागवली?"

"आठ... आठ दहा."

"आली कधी?"

साहेबांनी माउस उगाच वर-खाली फिरवला.

"बरं, ते राहू दे. उशिराचं कारण लिहिलंय, ते कधी लिहिलं? गाडी सुटताना लिहायचं असतं ते. विमान मंगळवारी सुटलं. कारणावर तारीख कुठली आहे?"

साहेबांचे कान लाल झाले. "शुक्रवार," ते पुटपुटले.

"म्हणजे अर्ज यायला लागल्यावर," सूनबाई मोठ्याने म्हणाली. रांगेला नीट ऐकू जावं, एवढ्या मोठ्याने.

"आता खरं कारण लिहा," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला बदलता येत नसेल तर ज्याला येतं त्याला बोलवा. आणि एकशे चौसष्ट जणांना कळवा. मी थांबते."

"आजी, असं लगेच होत नसतं. वरिष्ठ बाहेरगावी आहेत. तुम्ही घरी जा, आम्ही कळवू." साहेबांनी घाम पुसला, रांगेकडे बघितलं, आणि त्यांना एक युक्ती सुचली. नवी कसली, जुनीच. त्यांनी मान उंचावली आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा गोड, दिलगीर आवाजात म्हणाले, "आजी, प्लीज समजून घ्या. तुमच्यामुळे मागच्या सगळ्या लोकांना उशीर होतोय."

सहा आठवड्यांपूर्वी अशाच वाक्याने ती बाई घरात जाऊन बसली होती. रांगेतली सगळी डोकी खुर्चीकडे वळली, अगदी त्या दिवशीसारखीच. सूनबाई मध्ये पडणार होती, पण सासूबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

त्यांनी खुर्ची अर्धी वळवली, रांगेतल्या एकेका माणसाकडे नीट बघितलं, आणि मग पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "या खेपेला माझ्यामुळेच होतोय. घ्या लिहून कारणात. नाव सांगते, वेळही घाला, दहा वाजून पंचवीस. आणि खाली तुमची सही करा, म्हणजे नोंद पक्की होईल."

साहेबांचे हात कीबोर्डवरून खाली आले. सासूबाईंनी खाली वाकून खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावले. मागच्या रांगेतला एकही माणूस कुरकुरला नाही, की जागचा हलला नाही.